न धाडलेली पत्रे : अहमदनगरच्या किल्ल्यातील मौलाना आझाद

मौलाना अबुल कलाम आझाद (रह.) यांचे नाव आपल्या बहुतेक वाचकांना दोन कारणांनी ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री असतात आणि दीनी घरांच्या कपाटात ते ‘तर्जुमानुल कुरआन’चे लेखक असतात. या लेखाचा विषय तिसरे आझाद आहेत. हे आझाद अहमदनगरच्या किल्ल्यातील एका खोलीत पहाटे तीन-चारच्या सुमारास उठतात, स्वतःच्या हाताने चहा करतात आणि जी पत्रे टपालात पडणार नाहीत हे पक्के ठाऊक आहे, ती पत्रे एका मित्राला लिहीत बसतात.

हा विषय मनात येण्याचे कारण थोडक्यात सांगतो. भिवंडीत वडिलांची मय्यत दफन करून परतणाऱ्या एका तरुणाने मला वाटेत गाठले. सकाळपासून येणाऱ्या प्रत्येकासमोर आपण ‘इन्ना लिल्लाह’ म्हणत आहोत, पण आत मात्र नुसता संताप आहे. जिभेवर एक आणि मनात दुसरे, मग ही मुनाफिकी नाही का, असे त्याने विचारले. मी त्याला सब्राचे चार शब्द सांगितले. त्याचे समाधान झाले नाही आणि खरे तर माझेही झाले नाही. घरी आल्यावर मौलाना आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ पुन्हा काढून वाचले, कारण या प्रश्नाशी इतक्या उघडपणे झगडलेला आलिम माझ्या वाचनात दुसरा नाही.

मौलानांचा जन्म 11 नोव्हेंबर 1888 रोजी मक्का मुकर्रमा येथे झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे हिंदुस्थानातून हिजाजला गेलेले विद्वान. आई मदिना मुनव्वरा येथील एका आलिम घराण्यातील अरब स्त्री. घरात बोलली जाणारी पहिली भाषा अरबी. ज्या उर्दूने पुढे त्यांना कीर्ती दिली ती त्यांना कलकत्त्यात आल्यावर शिकावी लागली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आईच्या तोंडून सहज मिळालेली भाषा आणि शब्द-शब्द निवडून कमावलेली भाषा यांत फरक असतो. कमावलेल्या भाषेत माणूस सावध असतो. मदरशात अरबी-उर्दूत वाढून नंतर मराठी साहित्याची पदवी घेणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वडिलांनी मुलाला कुठल्या मदरशात धाडले नाही. दर्से-निजामीचा अभ्यास घरीच झाला आणि इतरांच्या मानाने फार लवकर पुरा झाला. 1903 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी ‘लिसानुस्सिद्क’ हे मासिक काढले. 1912 च्या जुलैमध्ये ‘अल-हिलाल’ निघाले. त्या साप्ताहिकाच्या भाषेने वाचकांच्या मनावर काय परिणाम केला याचे वर्णन अनेकांनी केले आहे. सरकारलाही तो परिणाम चांगलाच कळला होता. जामिनाची रक्कम मागणे, ती जप्त करणे, पुन्हा अधिक मागणे असा क्रम सुरू झाला आणि शेवटी ते पत्र बंद पडले. पुढे ‘अल-बलाग’ काढले, तेही फार टिकले नाही. 1916 मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले आणि 1919 च्या अखेरपर्यंत ते रांचीत नजरकैदेत राहिले.

रांचीच्या काळातील आणि त्यानंतरची एक आपत्ती आपल्या विषयाशी जोडलेली आहे. कुरआनच्या अनुवादाची आणि तफसीरची त्यांची हस्तलिखिते पोलिसांनी झडत्यांमध्ये उचलून नेली. कागद परत मिळाले ते फाटलेल्या, विस्कटलेल्या अवस्थेत. लेखकाला स्वतःचेच लिहिलेले पुन्हा लिहिणे किती जड जाते हे लिहिणाराच जाणतो. कित्येक वर्षे त्यांची लेखणी त्या कामाकडे वळलीच नाही. अखेर ते नव्याने बसले आणि ‘तर्जुमानुल कुरआन’चा पहिला खंड 1931 मध्ये, दुसरा 1936 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सूरह फातिहाची तफसीर आजही स्वतंत्र पुस्तकाप्रमाणे वाचली जाते.

राजकारणाचा तपशील येथे विस्ताराने देण्याची गरज नाही. 1923 मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि 1940 पासून 1946 पर्यंत पुन्हा अध्यक्ष होते. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे अटकसत्र सुरू झाले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेण्यात आले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद असे बाराजण निजामशाहीच्या त्या जुन्या किल्ल्यात बंद झाले. चांदबीबीने मोगलांशी झुंज दिली तो हाच किल्ला. मौलानांना इतिहासाची इतकी आवड की, कैदेत पडल्या-पडल्या त्यांनी त्या तटबंदीचा भूतकाळ आठवायला घेतला. तुरुंगाच्या सुपरिंटेंडंटला त्यांनी चीताखान हे टोपणनाव दिले, तेही त्या किल्ल्याच्या जुन्या इतिहासातूनच उचललेले.

किल्ल्यातून त्यांनी लिहिलेले पहिले पत्र 10 ऑगस्ट 1942 चे आहे. पत्र कोणाला? भीकमपूरचे रईस, मोठे विद्वान आणि मौलानांचे जुने स्नेही नवाब सद्र यार जंग मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना. ही निवड सहज झालेली नाही. शेरवानी साहेब राजकारणापासून दूर होते. त्यांना लिहायचे म्हणजे ठरावांचे, व्हाइसरॉयचे, महायुद्धाचे बोलायचे नाही; चहाचे, फुलांचे, जुन्या ग्रंथांचे, संगीताचे, श्रद्धेचे बोलायचे. समोर जसा माणूस ठेवावा तशी भाषा येते आणि जशी भाषा येते तसे मन हळूहळू बसते. बाहेर पत्र पाठवायला आरंभी बंदीच होती. मौलाना ते जाणून होते. तरीही प्रत्येक पत्रावर तारीख आहे, आदरपूर्वक संबोधन आहे. खोलीत दुसरे कोणी नसताना त्यांनी एक श्रोता बसवून घेतला होता.

दुसऱ्याच दिवशीच्या पत्रात त्यांनी एक हिशोब मांडला आहे. तोवरचे सर्व तुरुंगवास त्यांनी एकत्र केले. बेरीज सात वर्षे आठ महिने भरली. वय होते त्रेपन्न. म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सातवा भाग कैदेत गेला. एवढे गणित करून सामान्य माणूस कपाळाला हात लावील. मौलानांना मात्र तौरातमधील सब्बाथचा हुकूम आठवला, ज्यात आठवड्याचा सातवा दिवस विश्रांतीचा. मग त्यांनी तुरुंगाला आपल्या आयुष्याची सुट्टी ठरवून टाकले. आकडा तोच राहिला, भिंती त्याच राहिल्या. बदलला तो एक शब्द. हसत-हसत केलेला हा विनोद वाटतो, पण त्यामागे सराव आहे.

त्याच महिन्याच्या अखेरच्या एका पत्रात त्यांनी या सरावाचे मूळ उघड केले आहे. सुख बाहेरून येण्याची वाट पाहणाऱ्याला तुरुंगात काहीच उरत नाही. ज्याने ते आत शोधायची सवय लावून घेतली त्याच्याकडून ते कोणी जप्त करू शकत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पुढे ते एका आधुनिक फ्रेंच लेखकाचा आधार घेऊन सांगतात की, प्रसन्न राहणे ही केवळ आपली गरज नसून नैतिक कर्तव्यही आहे, कारण माणसे एकमेकांसमोर ठेवलेल्या आरशांसारखी असतात आणि एका चेहऱ्यावरची धूळ सगळ्यांत दिसते. बाराजण एका आवारात कोंडलेले असताना हे तत्त्वज्ञान पोकळ राहत नाही. एकाने तोंड पाडून जेवायला यायचे ठरवले तर अकराजणांचा घास कडू होतो.

दीनच्या दृष्टीने पाहता यात परके असे काही नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक छोटी हदीस आहे. मन बिघडले असता आपले मन घाणेरडे झाले असे कोणी म्हणू नये, त्याऐवजी मन ठिकाणावर नाही अशा अर्थाचा दुसरा सौम्य शब्द वापरावा, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. दोन्ही अरबी शब्दांचा रोख मळमळल्यासारख्या अवस्थेकडेच आहे; पण पहिल्या शब्दाला अमंगळपणाचा वास आहे. स्वतःविषयी तो वापरला की माणूस तसाच स्वतःकडे पाहू लागतो. अस्वस्थता नाकारायची नाही, तिला नाव मात्र बेताने द्यायचे, इतका बारकावा या शिकवणुकीत आहे. मदरशात ही हदीस आम्ही शब्दार्थासाठी वाचली होती. तिचे काम मला फार नंतर कळले.

मौलानांच्या पत्रांतील सर्वांत आनंददायक भाग चहाचा आणि चिमण्यांचा. चहा चिनी, ‘व्हाइट जास्मिन’, दूध मुळीच नाही. दूध-साखरेत उकळलेल्या आपल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. आमच्या भिवंडीत लूमच्या पाळीवरून सुटलेल्या कामगाराच्या हातातील कटिंग त्यांनी पाहिली असती तर काय म्हटले असते, याचा विचार न केलेला बरा. पण पहाटेच्या अंधारातील त्या एका पेल्याचे वर्णन ते इतक्या सावकाश, इतक्या चवीने करतात की, वाचणाऱ्याला तुरुंगाचा विसर पडतो. लिहिणाऱ्यालाही पडत असणार, आणि तोच हेतू होता.

चिमण्यांनी खोलीच्या छतात घरटी केली होती. मौलानांनी आधी छत्री आणि बांबू घेऊन त्यांच्याशी युद्ध पुकारले, हार खाल्ली, मग तहाची बोलणी म्हणून तांदळाचे दाणे ठेवले. हळूहळू पाखरे जवळ येऊ लागली. त्यांनी त्यांना नावे दिली : मोती, कलंदर, सूफी. एक चिमणा अंगाने दांडगा, भांडखोर, सदा छाती काढून बडबडणारा. त्याचे नाव ठेवले मुल्ला. आम्हा मौलवी मंडळींना हे नाव थोडे बोचते, पण खोटे म्हणवत नाही. हे सारे मोठमोठ्या लढायांच्या वर्णनाला शोभेल अशा भारदस्त शैलीत लिहिले आहे.

काही वाचकांना ही पत्रे कृत्रिम वाटतात. अरबी-फारसी शब्दांची दाटी, जागोजागी शेर, न पाठवायच्या पत्रात एवढा साज कशाला, अशी तक्रार ऐकू येते. तक्रार चुकीची नाही. मला स्वतःला काही पाने जड जातात. परंतु ज्या क्षणी मन कोसळू पाहते त्या क्षणी मनातून आपोआप येणारी भाषा आधार देत नाही, ती कोसळण्यात सामील होते. आधार देते ती आधीपासून घडवून ठेवलेली भाषा. मौलानांना तिची खरी गरज 1943 च्या वसंतात पडली.

त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांच्याविषयी लोकांना फार थोडे माहीत आहे. 1922 मध्ये मौलानांना एक वर्षाची शिक्षा झाली तेव्हा त्यांनी गांधीजींना कळवले होते की, शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच आहे आणि पतीचे खिलाफतीचे काम आपण सांभाळू. अशा धीराच्या त्या होत्या. प्रकृती मात्र ढासळत गेली. 3 ऑगस्ट 1942 रोजी मौलाना मुंबईला निघाले तेव्हा त्या निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. ‘खुदा हाफिज’च्या पलीकडे त्या काही बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तरी चेहऱ्याने सांगितले त्याहून अधिक सांगू शकल्या नसत्या, असे मौलानांना पुढे वाटले. ती शेवटची भेट.

मार्च 1943 मध्ये त्यांच्या गंभीर आजाराची बातमी किल्ल्यात पोहोचली. काही विनंती करायची असल्यास ती पुढे पाठवू, असे सुपरिंटेंडंटने सुचवले. मौलानांनी सरकारकडे काहीही मागायचे नाही असे ठरवले. जवाहरलालजींनीही त्यांच्याशी या विषयावर बोलून पाहिले. निर्णय बदलला नाही. पुढच्या दिवसांचे जे वर्णन 11 एप्रिलच्या पत्रात आहे ते मी अनेकदा वाचले आहे. त्यांनी दिनक्रम बदलला नाही. ठरल्या वेळी जेवायला गेले, भूक नसताना चार घास घेतले, बोलणे-चालणे पूर्वीसारखे ठेवले. दुपारी वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या पावलांचा आवाज झाला की छाती धडधडे. तरी घाई न करता, जणू विशेष काही नाही अशा रीतीने ते पत्र हातात घेत.

आणि मग ते स्वतःच कबूल करतात की, यात एक नाटक होते. आपल्या धीरगंभीरपणाला डाग लागू नये म्हणून मनातील अहंकाराने मांडलेला तो देखावा होता. शरीर ताब्यात राहिले, मन राहिले नाही. स्वतःच्या सब्राविषयी असे लिहायला सब्रापेक्षाही अधिक काही लागते.

9 एप्रिल 1943 रोजी कलकत्त्यात बेगम साहिबांचा इन्तकाल झाला. छत्तीस वर्षांचा संसार संपला. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, कोणाची ते ठाऊक नसलेली कबर होती. येता-जाता ती त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. आता तिच्याशी काही नाते जडल्यासारखे वाटू लागले. भावाच्या मृत्यूवर जन्मभर शोक करणारा अरबी कवी मुतम्मिम बिन नुवैरा त्यांना आठवला, ज्याला कुठलीही कबर दिसली की आपल्याच भावाची कबर दिसे. घरातील पहिली भाषा दुःखात अशी परत आली. त्याच कैदेत पुढे त्यांची एक बहीणही अल्लाहला प्यारी झाली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे पती अबू सलमा (रजि.) वारले तेव्हा प्रेषितांनी (स.) शिकवलेली दुआ त्यांनी म्हटली; तिच्यात गेलेल्याहून उत्तम मोबदला मिळावा अशी याचना आहे. म्हणताना त्यांच्या मनात आले की, अबू सलमांहून उत्तम कोण असणार? सहीह मुस्लिममध्ये ही शंका नोंदलेली आहे. मन राजी नव्हते, जीभ मात्र शिकवलेले शब्द उच्चारत राहिली. त्यांना कोणी मुनाफिक म्हटले नाही. पुढे त्या उम्मुल मोमिनीन झाल्या. मुनाफिक दुसऱ्याला फसवण्यासाठी बोलतो. शोकात असलेला माणूस ‘इन्ना लिल्लाह’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या मनाला हाक मारत असतो आणि मनाने उशिरा ओ दिली म्हणून हाक खोटी ठरत नाही. सूरह बकराच्या 155 ते 157 या आयतींत सब्र करणाऱ्यांची ओळख सांगताना त्यांच्या उच्चाराचाच उल्लेख आला आहे, त्यांच्या डोळ्यांना कोरडे राहण्याची अट घातलेली नाही.

म्हणूनच मौलानांचा तो कोरडा चेहरा मी कोणाला आदर्श म्हणून सांगणार नाही. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले आणि तरीही त्यांचा सब्र सुंदर सब्र ठरला, कारण त्यांची तक्रार अल्लाहपाशी होती. प्रेषितांच्या (स.) मांडीवर पुत्र इब्राहीम (रजि.) यांनी प्राण सोडला तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले; बंधन होते ते जिभेवर. मौलानांनी परक्या सरकारच्या नोकरासमोर अश्रू आवरले हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्याकडून घ्यायचे ते दोन दिवसांनंतरचे पत्र. त्यात त्यांनी शब्द सोडले नाहीत आणि शब्दांना खोटेही बोलू दिले नाही.

एप्रिल 1945 मध्ये त्यांना अहमदनगरहून बंगालमधील बांकुरा येथे हलवण्यात आले. अटकेच्या वेळी 170 पौंड असलेले वजन 130 वर आले होते. 15 जूनला सुटका झाली. पत्रे पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. त्यांचे सचिव मुहम्मद अजमल खान यांनी ती संकलित केली. ‘गुबार-ए-खातिर’ म्हणजे मनावरची धूळ. हे नाव मौलानांनी मीर अजमतुल्लाह बेखबर बिलग्रामी यांच्या एका जुन्या पुस्तिकेवरून घेतले.

कलकत्त्याला हावडा स्टेशनवर लोटलेल्या गर्दीत कार्यकर्त्यांनी बँड आणला होता. हजारो सहकारी अजून तुरुंगात असताना आनंद कसला, असे म्हणून मौलानांनी तो बंद करवला. मोटार हावडा पुलावरून जात असताना त्यांना तीन वर्षांपूर्वीचे घराचे दार आठवले. आता त्या दारात कोणी नव्हते. त्यांनी मोटार कब्रस्तानाकडे वळवायला सांगितली. गाडी लोकांनी घातलेल्या हारांनी भरली होती. त्यांतला एक त्यांनी उचलला, पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढून ते गाडीत येऊन बसले.